चार बोटं पुढे

३ मार्च
जुन्या ट्रॅक्टरने अखेर मान टाकली. मेकॅनिक म्हणाला, "काकू, आता भंगारातच घाला." बावीस वर्षं आईनेच चालवला. आता तिचेही गुडघे गेले. दादा नोकरी सोडून येतोय, शेती तोच बघणार म्हणे. त्याच्यासाठी सेकंडहँड ट्रॅक्टर शोधायचा. मी सोबत — कागद वाचायला! दहा वर्षं आईबरोबर राबतेय, पण मला विचारलं कोणी?

८ मार्च
पहिलाच ट्रॅक्टर चकाचक. मी तर भाळलेच! आईने बॉनेटवर तळहात ठेवला आणि सरळ चालू लागली. मालक मागे धावला, "अहो, सुरू तर करून बघा!"
"तुम्ही केलाय की आधीच. गरम लागतोय."
थंड इंजिन धड सुरू होत नसणार, म्हणून आम्ही यायच्या आत तापवून ठेवलेला. बेट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ही बाई चौथी शिकलेली आहे!

९ मार्च
आणखी दोन पाहिले. दोन्ही रद्दड.

१२ मार्च
आज दलालाकडे. मीटरवर जेमतेम नऊशे तास, म्हणजे जवळपास नवाच. "लेकरासारखा जपलाय," दलाल म्हणाला. आईने क्लचच्या पेडलवर बोट फिरवलं — रबर झिजून गुळगुळीत. "लेकरू बरंच म्हातारं दिसतंय!" मला हसू आवरेना.
प्रत्येक ठिकाणी मलाच वर चढवते. "दाब क्लच. पाय पोचतो?" तिचे गुडघे दुखतात ना. मी बुटकी, सीटच्या कडेवर येऊन कसाबसा दाबते.

१७ मार्च
मिळाला! एका म्हाताऱ्या माळ्याचा. रंग उडालेला, पत्रा चेपलेला, पण इंजिन थंडगार आणि पहिल्याच किल्लीला सुरू. आई डोळे मिटून ऐकत उभी राहिली. किती सुंदर दिसत होती! तिचा हात, तिचा कान मला कधी येणार? आणि आले तरी उपयोग काय? शेत दादाचं.
वाटेत मेकॅनिककडे थांबलो. मी पाणी घेऊन आले तर सीट खोललेली. "डुगडुगत होती," आई म्हणाली.

१९ मार्च
दादा आला. ऐटीत ट्रॅक्टरवर चढला आणि गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट मागे सरकेना. "आई, ही कोणी अशी पक्की करून टाकली?"
"मीच. चार बोटं पुढे घेतलीय. ती तुझ्या मापाची नाही."
किल्ली माझ्या हातात दिली.
पाय क्लचला पुरता टेकतो.