जाजमाची सुरकुती

कल्याण,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८१३

ती. विमलताईस,

धाकट्या परशूचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम, निदान कागदावर तरी. ठाण्याला थंडी पडली का? भावोजींचा दमा कसा आहे?

माझं रेल्वेच्या कारखान्यातलं काम तुला ठाऊकच आहे. सळई यंत्रात धरून ओढायची आणि ती कितीला लांबली, कितीला तुटली ते साहेबाला सांगायचं. तुझ्या भाषेत, पगारी मोडतोड! सध्या एका गणिताने डोकं उठवलंय. तांबं-लोखंड आतून खडीसाखरेसारखं असतं, कणांचे थर एकावर एक नीट रचलेले. सळई ओढली की एक थर दुसऱ्यावरून सरकतो. अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल, ते मी मांडलं. उत्तर आलं यंत्रात प्रत्यक्ष लागतो त्याच्या हजारपट! साहेब हसला, "परशुराम, तुझ्या हिशोबाने बांधलेला पूल हत्तींच्यानेही मोडायचा नाही." पुन्हा पुन्हा ताळा केला. चूक काही सापडेना.

परवा ओसरीवर मोठं जाजम घातलं. ते भिंतीपासून वीतभर पुढे घ्यायचं होतं. एरवी चार कोपऱ्यांना चौघं लागतात. आमच्याकडे आता चौघं कुठली? सगुणा विधवा, तिच्याशी मी लग्न केलं म्हणून जातीने वाळीत टाकल्यापासून शेजारच्या काकूसुद्धा आमच्या दारावरून मान वळवून जातात. एकट्याने ओढलं तर कंबर धरली, जाजम ढिम्म. चिडून भिंतीकडची कड पायाने आत लोटली, तशी सुरकुती उठली. ती सुरकुती ढकलत पार पलीकडच्या कडेपर्यंत नेली. अगं, अख्खं जाजम वीतभर सरकलं की!

मी तिथेच मटकन बसलो. थर एकदम सरकतच नाही, ताई. आधी एक ओळ सरकते, मग तिच्या शेजारची. तसं मांडलं तेव्हा उत्तर पुष्कळ खाली उतरलं. साहेबाला अजून पटलेलं नाही, पण ते असो.

जाजम कशाला, असं विचारशील. आम्हाला मुलगी झाली. पौर्णिमेला बारसं आहे.

लग्नाच्या वेळी मी अप्पा, काका, मामा, सगळ्यांना मिळून एकच पत्र घातलं होतं, सगळे या म्हणून. कुणी हललं नाही. या वेळी बाकी कुणाला लिहिलेलं नाही. तुला एकटीलाच लिहितोय.

भावोजींना सांगून ये, चोरून नको. आलीस तर तुलाही हळदीकुंकवाची बोलावणी बंद होतील, हे मला कळतं. म्हणून आग्रह करायला जीभ रेटत नाही. तरी ये गं. तुझी फार आठवण येते.

नाव पोरीच्या कानात आत्याने सांगायचं. तुझ्या पाठीत धपाटे घालायला बायका जमणार नाहीत, ते काम सगुणा करील. तिचा हात चांगला जड आहे. आम्ही नाव ठरवलेलं नाही. सध्या पोरीला नुसतं 'अगं' म्हणतो, आणि ती बघते.

तुझ्या बिननावाच्या भाचीचा बाप,
परशू