मुकादमाचा फोन इतिहासजमा

ती. ताई,

इथूनच वाकून नमस्कार (खरंच वाकलोय, बाकाखाली पडलेला स्क्रू शोधतोय). आईचे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुझा राग, तिन्ही उतरणीला असतील अशी आशा. फोन सोडून पत्र का, ते पुढे येईलच.

तुझ्या लेकीनं, म्हणजे आपल्या प्रश्नपेटीनं, शाळेसाठी मला मोबाइलचा इतिहास विचारला. मामा जुने मोबाइल मोडायच्या कारखान्यात म्हटल्यावर मामाला सगळं येणारच! अगं, मी सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला. पण डोक्यात किडा वळवळला तो वळवळलाच. पहिला मोबाइल ज्याच्या हातात आला, त्यानं तो लावला कुणाला? (शेजारच्या बाकावरचा म्हणाला, "बायकोला. उशीर होईल सांगायला.") विटेएवढा फोन काडेपेटीएवढा झाला, तो आता पुन्हा पाटीएवढा का होतोय? आणि बाहेरची एरियल गेली कुठं? चार फोन उघडले, तर सापडली की बया! आत पाठीला चिकटून बसलेली नागमोडी पट्टी. मला इतका आनंद झाला की हातातलं काम टाकून सगळे फोन वयानुसार ओळीत मांडले, आधी विटा, मग एरियलवाले, बटणवाले, घडीचे, काचेचे. प्रश्नपेटीला फोटोही धाडला. ओळ मांडली ती मात्र लाल ट्रेमध्ये, आणि आमच्याकडे लाल ट्रेमधलं सगळं जेवणाच्या सुट्टीआधी चुरा करायच्या यंत्रात जातं. तेही चाललं असतं, पण बटणवाल्यांत एक फोन मुकादमाचा होता. बाकावर ठेवून हात धुवायला गेलेला. इतका जुना फोन कुणी अजून वापरत असेल, असं तुला तरी वाटलं असतं का?

तो आला तेव्हा यंत्रातून रिंग वाजली. मग नाही वाजली.

"महिनाअखेरीला बघतो तुला ठेवायचं का," एवढंच म्हणाला. तोवर माझा फोन त्याला दिलाय, सिमकार्डासकट (त्याचं चुऱ्यात गेलं).

तुझा धाकटा

ता. क. : आईचा रोजचा फोन आता त्यालाच जातो. पहिल्या दिवशी तिला वाटलं माझा घसा बसलाय, तिनं गुळण्या करायला सांगितल्या, त्यानं केल्या. खुलासा झाला तरी ती त्यालाच "जेवलास का" विचारते, आणि तो काय काय जेवला ते सांगत बसतो.

ता. क. २ : हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आईचं ऐकतो. तेव्हा महिना संपायच्या आत आईला म्हणावं, पोराला कामावर ठेव एवढं त्याला सांग. मी काय केलं ते त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, ती त्याचीच बाजू घेईल.