माझ्या फोल्डरवर माझं नाव

गिरीज, मंगळवार संध्याकाळ
नोव्हेंबर २००९

अजून डोकं तापलेलंच आहे. वालीवच्या ऑफिसात आज शेठनी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर चर्चच्या कॉयरसाठी, म्हणजे गाणाऱ्या मंडळींसाठी, केलेला कॉम्प्युटर प्रोग्राम पाहिला. रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाल्यावर बसून बसून मी लिहिलेला. त्या त्या रविवारची गीतं काढून देतो, आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आलेलुयाचा आनंदघोष आपोआप बंद करतो. शेठ म्हणाले, "छान आहे. बाकीच्या चर्चना विकू. नाव कंपनीचंच आहे ना यावर?"

होतं! ऑफिसच्या कामासाठी गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कुणी केला ते नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीचं नाव टाकायला लावलं होतं, ते लॅपटॉपवरच्या सगळ्याच प्रोजेक्टना लागलं. मी केलेल्या प्रत्येक बदलावर त्यांचा शिक्का. माझा रविवार, माझा लॅपटॉप आणि नाव त्यांचं?

घरी आले ती थेट टेबलाशी. फक्त त्या एका फोल्डरपुरतं नाव बदललं: मार्था इनास लोपीस. ऑफिसच्या कामावर कंपनीचंच राहू दे. मला नकोच ते.

आई डोकावली. "नाव बदलतेस? लग्नाआधीच?"

"बदलत नाही गं. माझंच परत लावतेय."

जुन्या नोंदींवर कंपनीच दिसणार. दिसू दे, घाबरते का मी? उद्या लॅपटॉप उघडून शेठसमोर ठेवणार आणि एवढंच विचारणार: प्रोग्राम तुमच्या कंपनीने लिहिलाय ना? मग सांगा, उपवासकाळात आलेलुया का गात नाहीत?