व्याह्यांच्या घरचा कडू चहा

वेरिबी, रविवार

ती. मधुताईस चित्रलेखाचा वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देतो तितका वाकून).

तुझी शुगर आणि भाऊजींचा राग, दोन्ही औषधाने आटोक्यात असतील असं धरून चालते. आम्ही परवा उरुग्वेहून सुखरूप परतलो. नानांना, म्हणजे आपल्या तीर्थरूपांना, 'मॉन्टेव्हिडिओ बघून येतो' एवढंच सांगितलं होतं. खरं कारण तुला ठाऊक आहे. शंतनूने इथल्या युनिव्हर्सिटीत भेटलेली लुसिया पसंत केली, आता तिच्या आईवडिलांनी आम्हाला पसंत करायचं बाकी होतं. (मुलाकडचे असून दाखवून घ्यायला आम्ही गेलो!)

राजधानी देखणी आहे. जुन्या इमारती, ऐसपैस चौक, आणि नदी अशी रुंद की पलीकडचा काठच दिसत नाही. लुसियाने नकाशा दाखवेपर्यंत आमचा नवरोबा नरेंद्र नदीला समुद्र म्हणत होता, आणि नंतरही. पण खरी बघण्यासारखी तिथली माणसं. जो तो काखेत थर्मास मारून फिरतोय. मला वाटलं, गावातलं निम्मं हॉस्पिटलात आहे आणि उरलेलं निम्मं डबा पोचवायला निघालंय.

थर्मासात असतं गरम पाणी. एका छोट्या भोपळ्यात हिरवा कडू पाला घालून त्यावर ते ओतायचं आणि एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं. (हो, एकच नळी. उष्टं हा शब्द मी विमानतळावरच सोडला होता.) आता नरेंद्र तुला माहीत आहे. इतकी वर्षं आयता चहा पिऊन ज्याने कधी पेपरातून मान वर केली नाही, त्याला मी विमानात पढवून पढवून 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हणायला शिकवलं. व्याह्यांनी भोपळा पुढे केला, याने एक फेरी संपवली आणि खणखणीत 'ग्रासियास' म्हणून परत दिला. झालं. त्यानंतर भोपळा त्याला टाळून फिरायला लागला. मी गप्पांच्या नादात आभार विसरले, तर मला पुन्हा पुन्हा भरून! व्याही हिरमुसलेले, आणि एरवी 'नो वरीज, मम' म्हणणारा शंतनू छताकडे बघतोय. मोडलं लग्न, दुसरं काय!

शेवटी लुसियाने उलगडा केला. भोपळा परत देताना आभार मानले, की 'मला आता नको' असा अर्थ. म्हणजे पहिल्या घासालाच पानावरून उठल्यासारखं. हे ऐकल्यावरचा नरेंद्रचा चेहरा तू बघायला हवा होतास. आभार न मानणं हाच शिष्टाचार असलेला देश त्याला उतारवयात सापडला! मग तोंडातून चकार शब्द न काढता तो पीत बसला, व्याह्यांनी त्याला मिठी मारली, आणि लग्न ठरलं. मला रडू आलं, खरं सांगते. परत आल्यापासून चहा हातात दिला की हा नुसता हसतो. संस्कृती म्हणे.

तुझी,
चित्रा

ता. क. नानांना तूच सांग, तू त्यांची लाडकी. हे पत्र मेलने पाठवतेय ते त्यासाठीच. 'मुलगी एकुलती एक, आईवडील दोघंही शिक्षक' एवढंच सांग. सगळं खरं आहे. आडनाव विचारलं की फोनची रेंज घालव.

ता. क. २. राहू दे. आत्ताच नानांचा फोन आला. शंतनूने त्यांना आपल्या सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. नाना महिनाभर स्पॅनिश शिकताहेत, आणि त्यांना काळजी एकच, की हे सगळं मधूच्या पचनी कसं पाडायचं. उद्या सकाळी तुझ्याकडे येताहेत. ते सांगतील तेव्हा जरा धक्का बसल्यासारखं कर, आणि मग हळूहळू ऐक.