डब्यातल्या डॉक्टरीणबाई आणि आईंच्या गोळ्या

तीर्थरूप वन्संना,
भावजयीचा वाकून नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं पार्सल मिळालं. आत निघालेल्या वस्तू येणेप्रमाणे: बोलणारा डबा एक, त्याची वायर एक, डबा हलू नये म्हणून घातलेला स्पंज एक (तो मी सुया टोचायला ठेवून घेतला), आणि वर्षभर पुस्तकं ऐकण्याची वर्गणी भरल्याची चिठ्ठी एक. डब्यावरचं किमतीचं लेबल काढायचं तुम्ही विसरलात. आकडा इथे लिहीत नाही, पण आमच्या कोपऱ्यावरचा विजेच्या सामानाचा दुकानदार तोच डबा बराच स्वस्त देतो. भेटीची किंमत काढू नये एवढं मला कळतं. हे आपलं पुढच्या वेळेसाठी. पोचपावतीला उशीर झाला, कारण तुम्हाला प्रामाणिक अभिप्राय हवा होता, आणि ऐकल्याशिवाय अभिप्राय देणं माझ्या स्वभावात नाही.

तुमचा घसा कसा आहे? पूर्वी मी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करत असे, पण शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही रहस्यकथा वाचून ध्वनिमुद्रित करायला लागलात, तेव्हा आता घशाचा मान पहिला. गार पाणी पिऊ नका. इकडे हे बरे आहेत. दिवसभर घड्याळांत डोकं घालून बसतात, त्यामुळे मान धरते, पण तक्रार करत नाहीत (म्हणजे माझ्याकडे करतात, लोकांकडे करत नाहीत). आई मात्र बऱ्या नाहीत. दिसायला ठणठणीत आहेत, पण रक्तदाबाची गोळी त्यांनी बंद केली आहे, आणि डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर एखाद्या दिवशी एक बाजू लुळी पडेल. त्याला कारण तुम्ही आहात. लगेच रागावू नका. क्रमाने लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल की नेहमीसारखं मीच काहीतरी केलं.

तुमचं एकच पुस्तक ऐकून बरं-वाईट कसं ठरवणार, म्हणून मी आधी इतरांची ऐकली. वर्षाची वर्गणी भरलेलीच आहे, न ऐकता ठेवणं म्हणजे नळ उघडा टाकून बाहेर जाण्यासारखं. देवाचं सगळं उरकल्याशिवाय डबा सुरू करायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी केला. देवाच्या खोलीचं दारही लावून घेते, कारण देवांनी रोज सकाळी खून का ऐकावेत? एकदा मात्र चूक झाली. जप करता करता डबा सुरू ठेवला, आणि नेमका खुनी जिना चढायला लागला. माळ अशी भराभर फिरली की एका प्रकरणात दोन दिवसांचा जप झाला. तो मी हिशेबात धरला नाही.

वाचणाऱ्यांबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते. एक गृहस्थ आहेत, त्यांचा आवाज फार जड. लोक त्यांच्यावर खूश आहेत म्हणे. पण ते 'चहा निवला' हेसुद्धा अशा सुरात सांगतात की कुणीतरी गेलंच. मग खरोखर कुणी जातं तेव्हा त्यांच्याकडे शिल्लक काही उरत नाही, आणि आपल्याला मागे जाऊन ऐकावं लागतं की मेलं कोण. दुसरे एक आहेत, ते बायकांचे आवाज काढतात. विधवा, मोलकरीण, वकीलबाई, सगळ्यांना एकच दाढदुखी. तिसरी एक मुलगी आहे, तिला सारखी धाप लागलेली असते. पहिल्या प्रकरणापासून इतकी धावते की मला वाटतं, अगं, बस, पाणी पी, अजून कुणी मारलेलंसुद्धा नाही. शिवाय काही जण खुन्याला एवढा गोड आवाज देतात की आपण भाजी निवडून संपायच्या आत ओळखतो.

मला आवडले ते एक वयस्क गृहस्थ. ते विजेचं मीटर वाचल्यासारखं वाचतात. अमुक घरात अमुक बाई मेल्या, दार आतून बंद होतं, पुढचं प्रकरण. सूर चढत नाही, उतरत नाही, मध्ये सुस्कारे नाहीत. त्यांच्या आवाजात मी किराण्याचा हिशेब पूर्ण करते आणि खुनीही चुकत नाही. त्यांना कधी भेटलात तर माझा नमस्कार सांगा.

गोष्टींबद्दलही एक शंका आहे, ती तुमच्या लेखक मंडळींच्या कानावर घाला. या पुस्तकांत कुणीच भांडी घासत नाही. विष घातलेला पेला तिसऱ्या दिवशीसुद्धा तिथेच, इन्स्पेक्टरने येऊन हुंगावा म्हणून. आमच्या घरी कुणी विषाने मेलं तर तपास लागायचाच नाही, कारण पेला मी लगेच विसळून पालथा घातलेला असेल. आणि या श्रीमंत लोकांच्या बायका खर्च लिहीत नाहीत हे तर मला पटतच नाही. नवऱ्याने उंदराचं औषध तीनदा का आणलं, हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, आणि पुस्तक बारा पानांत आटोपलं असतं.

आता तुमचं पुस्तक. वन्सं, तुम्ही फार छान वाचता. तोंडदेखलं म्हणत नाही, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या आजारी मोठ्या बाई, खोकणारा दिवाणजी, इन्स्पेक्टर, सगळे वेगळे कळतात. पण त्या डॉक्टरीणबाईंना तुम्ही तुमचा स्वतःचा आवाज दिलात. शाळेत मुलांवर ओरडायचात तो नाही, माहेरी यायचात तेव्हा आईंशेजारी बसून बोलायचात तो. त्या डॉक्टरीणबाई मोठ्या बाईंच्या उशाशी बसतात आणि म्हणतात, 'घ्या बरं आई. कडू नाही. मला कसलीही घाई नाही, तुम्ही गिळेपर्यंत मी इथेच बसले आहे.'

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, डबा फळीवर होता, आणि आई दारात उभ्या होत्या. त्यांचं गोळीवरून माझ्याशी भांडण जुनं. माझ्या हातची गोळी मोठी असते, तुझ्या सासऱ्यांना कधी गोळी लागली नाही, वगैरे. त्या दिवशी त्यांनी ते वाक्य ऐकलं, माझ्या हातातली गोळी मुकाट्याने घेतली, गिळली, आणि फळीकडे बघून म्हणाल्या, 'घेतली गं.' मग मला म्हणाल्या, 'बघ, लेक आता मला अहो-जाहो करते. शिकलेल्यांचं असंच असतं.'

मी त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पुन्हा शोधून लावलं. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. आई वेळेवर येऊन फळीसमोर बसायच्या, पदर सारखा करायच्या, गोळी घ्यायच्या, आणि वर तुम्हाला थोडं घरातलं सांगायच्या (त्यात माझ्याबद्दलही असायचं, ते मी ऐकून सोडून दिलं). हे म्हणाले, 'ही आईची फसवणूक आहे.' मी म्हटलं, 'आवाज वन्संचाच आहे, गोळी डॉक्टरांचीच आहे, फसवणूक कुठे आहे?' रक्तदाब उतरला. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मी डब्याचं नाव काढलं नाही.

आता माझी चूक. पुढे ऐकलं तर ती जागा हरवेल आणि रोज शोधत बसावं लागेल, म्हणून मी तुमचं पुस्तक त्या वाक्याच्या पुढे ऐकलंच नाही. जपून ठेवलं. बरणीतलं लोणचं मुरायला ठेवतात तसं. त्यामुळे शेवट काय आहे याची मला गंधवार्ता नव्हती. एका दुपारी घड्याळांचं दुकान बंद करून हे लवकर आले, मान शेकायला पडले, आणि 'ताईचं पुस्तक एवढं अडवून का ठेवलंयस' म्हणत त्यांनी डबा पुढे चालू केला. मी शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे उसवलेला परकर घेऊन गेले होते. परत आले तर हे घोरत होते, आणि आई डब्यासमोर ताठ बसून शेवटचं प्रकरण ऐकत होत्या. तुमचाच आवाज, तोच, घाई नसलेला, सांगत होता, 'रोजच्या घोटात मी थोडं थोडं घालत होते, आई. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, तिथेच चुकलात.'

संध्याकाळी मी गोळी घेऊन गेले तेव्हा आईंनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, 'दोघी मिळालेल्या आहात.'

वन्सं, लग्न होऊन या घरात आल्यापासून आपण दोघी एका बाजूला आहोत असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलं तेही हे.

त्या दिवसापासून आईंनी तपास हाती घेतला आहे. दूध आधी मला प्यायला लावतात. पेला हुंगतात. गोळी तोंडात धरतात आणि मी वळले की रुमालात काढून ठेवतात, पुरावा म्हणून. पेटीतल्या साड्या त्यांनी शिवणवाल्या बाईंच्या नावे केल्या आहेत, कारण 'मी गेल्याने तिचा काही फायदा नव्हता' (आता झाला, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही, आणि मी आणून देणार नाही). डॉक्टर आले तेव्हा आईंनी त्यांना उलट विचारलं की तुमचे आधीचे पेशंट कुठे आहेत. डॉक्टरांनी दाब मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला. बाजूला येऊन मला म्हणाले, 'घरात त्या कुणाचं ऐकतात?'

'मुलीचं.'

'मग मुलीला सांगायला लावा.'

'तिनेच विष घातलंय,' आई पलंगावरून म्हणाल्या. ऐकायला कमी येतं ते फक्त सोयीचं नसलेलं.

आम्ही हातावर हात धरून बसलो नाही. मी मीटरवाल्या गृहस्थांचं एक पुस्तक लावून पाहिलं, त्यात एक जण वेळच्या वेळी औषध घेतो. आई म्हणाल्या, 'हा कोण मला सांगणारा?' यांनी पडद्यामागे उभं राहून बारीक आवाजात 'घ्या बरं आई' म्हणून पाहिलं. आई म्हणाल्या, 'सर्दी झाली असेल तर वाफ घे, आणि दुकान उघड, गिऱ्हाईक थांबलं असेल.' शेवटी मी सगळं खरं सांगितलं. ही गोष्ट आहे, वन्सं फक्त वाचतात, पैसे मिळतात, लिहिणारा निराळाच. आईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, 'पुस्तकात सगळे खुनी आधी असंच सांगतात.' हे मात्र खरं आहे.

असा सगळा प्रकार आहे. बाकी घरी अद्याप कुणाचा जीव गेलेला नाही. तुमच्या नव्या पुस्तकाला यश यावं म्हणून रोज देवाजवळ मागते. घशाला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. : नवीन पुस्तकात आईंच्या वयाच्या कुणाला औषध द्यायचं असेल तर ते तुमच्या आवाजात देऊ नका. त्या धाप लागलेल्या मुलीला द्यायला सांगा.

ता. क. २ : हे म्हणतात, ताईला चार वाक्यं नव्याने भरून पाठवायला सांग, की डॉक्टरीणबाई निर्दोष निघाल्या, आरोप खोटा होता. मलाही आधी तेच वाटलं होतं, आणि हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. पण आता त्याचा उपयोग नाही, कारण खाली वाचा.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालत होते तेव्हा आईंनी विचारलं, कुणाला लिहितेस. म्हटलं, वन्संना. फोनवर बोलता का, असंही मी त्यांना विचारलं. तर म्हणाल्या, 'फोनवर ती घाईत असते. निवांत बोलते ती डब्यात, आणि डब्यात तर ती तशी. आवाज कुणीही काढतं, पडद्यामागे उभा राहून माझा पोरगाही काढतो. अक्षर मात्र तिचं मी ओळखते, पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं. तिला लिही, मी अजून निकाल दिलेला नाही. समोर येऊन बसायचं आणि काय ते सांगायचं. येते असं तिच्या हातचं पत्र आलं, की त्या दिवसापासून गोळी घेते.'

वन्सं, मी कधी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. माझ्यावर आळ आहे तो राहू द्या, त्याची मला सवय आहे. पण दाब वरच आहे, आणि आईंनी शब्द दिला तर त्या पाळतात हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. कुठल्या गाडीने येता आणि किती दिवस बसणार, एवढं एका ओळीत, स्वतःच्या अक्षरात, उलट टपाली कळवा. वळणदार लिहायची गरज नाही. घाईत लिहिलेलं वाटू नये, एवढं मात्र बघा.