थकायच्या आधी थांबायचं

आई, आज तुझ्यावर भल्ली चिडली आहे मी. तुले जाऊन इतकी वर्षं झाली, आता चिडून फायदा काय, पण चिडायले दुसरं हक्काचं कोणी सापडतही नाही. तुझाच संधिवात माझ्या अंगात आला. आधी बोटं धरली, मग मनगटं, आता गुडघे. डॉक्टर म्हणतात, औषध सोडू नका आणि रोज थोडंथोडं अंग हलवा, तर आपल्या पायानं उठाल-बसाल. नाही केलं तर काय, ते मी विचारलं नाही. शेवटची दोन वर्षं बाबा आणि मी तुले काखेत हात घालून उठवत होतो. मले तसं कोणाच्या हातानं उठायचं नाही.

म्हणून आठवड्यातून तीन दिवस शंकर नगरच्या एका हॉलमध्ये जाते. आम्ही सहा-सात जण खुर्च्यांवर बसतो. कोणाले दमा, कोणाचं हृदय कमजोर, माझे हे सांधे. शिकवणारी पोट्टी माझ्या लेकीच्या वयाची. टाच उचला, खाली ठेवा. मनगट गोल फिरवा. खुर्चीवरून उठा, बसा, पाच वेळा. पाच वेळा, आई! कायची कसरत वं ही? अंगणवाडीतले लेकरं याच्यापेक्षा जास्त उड्या मारतात. आणि जरा कुठं बरं वाटायले लागलं की ती विचारते, "अच्छा लग रहा है, आंटी? तो अब रुकिए." अगं, बरं वाटून राहिलं तर थांबू काहून? तिचं म्हणणं, थकायच्या आधी थांबायचं, हेच शिकायचं आहे. मले उठणं जमते, बसणं जमते. हे थांबणंच जमत नाही.

आणि ते तुझ्यामुळं. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही, हे तू आम्हाले पोळीसोबत चारलं. आपल्या घरात दुखणं कमी असलेला दिवस आरामाचा कधी नव्हताच, तो राहिलेली सारी कामं उरकायचा दिवस. मागच्याच्या मागच्या रविवारी तेच झालं. सकाळी उठली तर दोन्ही मुठी पूर्ण वळल्या. किती महिन्यांनी! मग काय, पडदे काढून धुतले, माळ्यावरचे डबे उतरवले, फळ्या पुसल्या. लेक ओरडली, "मम्मी, बस करो ना, मना किया है ना आपको!" तिले मराठी सारं समजते, बोलते मात्र हिंदीतच. मी म्हटलं, "एवढा एकच डबा राहिला." सोमवारी पलंगावरून उठता येईना. लेकीनं काखेत हात घातला, तर मी तिच्यावरच खेकसली. मग आठवडाभर क्लास बुडाला. काल गेली, तर पाच वेळाचं दोन वेळा झालं. दोन! रडूच आलं मले तिथं, सगळ्यांसमोर.

हे सारं तुझ्या माथी मारायलेच बसली होती. पण लिहिता लिहिता पुरानी बस्तीतलं आपलं अंगण आठवून राहिलं. सकाळचं ऊन आहे. शेजारच्या काकीनं शिकवलेल्या रखिया बड्या तू घालून राहिली, कोहळ्याचा कीस उडदाच्या पिठात कालवून. खाटेवरचं कापड अर्धं भरलं आहे. मले पंडरीच्या कापडबाजारात नोकरीवर जायचं आहे, उशीर झाला आहे, डबाही भरला नाही. आणि तू मधातच उठून पायरीवर जाऊन बसली. डोळे मिटून दोन्ही मनगटं हळूहळू गोल फिरवून राहिली, दवाखान्यात कोणीतरी दाखवलं होतं तसं.

"नुसते हात काय फिरवून राहिली वं, आई?" मी म्हटलं. "पीठ आंबून जाईन. कामानंच अंग मोकळं होते, तूच म्हणते ना?"

"हव, होते," तू म्हणाली. उठली आणि कापड पूर्ण भरलं. वर माझा डबाही भरून दिला. मले वाटलं, पाहा, जमते तर खरं. त्यानंतर तुले मनगटं फिरवताना मी कधी पाहिलं नाही, आणि काहून फिरवत नाही हेही कधी विचारलं नाही.

लेकीले मी नेहमी सांगते, माझी आई कधी थांबायचीच नाही, म्हणून मीही अशी. हा कागद कोणाले पाठवायचा नाही, म्हणून इथं खरं लिहिते. तू थांबली होती, आई. मीच थांबू दिलं नाही.