आखडलेल्या पायांचं विमान

एल्म फोर्क, नेब्रास्का
४ एप्रिल १९८४

चि. आर्विद यास सिग्नेताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बर्फ वितळलं, परसात रुबार्बचे कोंब दिसायला लागले. तुझे कान पार गेल्यापासून फोनचा उपयोग राहिला नाही, पण एका परीने बरंच झालं. फोनवर तू मला बोलू कुठे द्यायचास!

काळजी एकच, तुझ्या दाजींची. लोवेलला त्याचं जुनं विमान पुन्हा उडवायचंय. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ते शेडमध्ये धूळ खात उभं होतं. गेल्या आठवड्यात बहाद्दराने एकट्यानेच फेरी मारली. उतरताना चाकांवरचे पाय दबून धक्का घेतात ना, ते मुळी दबेचनात. विमान बकरीसारखं उड्या मारत आलं. त्यानंतर हा दोन दिवस पाठ धरून पडला होता, आणि मला सांगतो की खुर्चीच कडक आहे.

आता पुढच्या शनिवारी शेजारून जॅक आणून ते पाय स्वतः खोलणार म्हणतो. मी म्हटलं, आर्विदला विचार, जन्मभर त्याने विमानंच दुरुस्त केली. तर म्हणे, तुझा भाऊ साधी बाटली उघडायच्यासुद्धा तीन पानं सूचना लिहील. तू लिहीच. जरा लवकर.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई,
सिग्ने

कूस बे, ऑरेगन
९ एप्रिल १९८४

ती. सिग्नेताईस सा. न.

तुझं पत्र आत्ताच आलं आणि जेवण तसंच टाकून लिहायला बसलोय. दाजींना सांग, तीन पानं नाहीत, एवढंच वाचा.

त्या पायात तेल असतं आणि वर दाबाने कोंडलेली हवा. खालचा मोठा नट सैल करण्याआधी वरच्या व्हॉल्व्हमधून ती हवा सोडायची. पण व्हॉल्व्ह दाबून हवा आली नाही, म्हणजे आत हवा नाही असं समजायचं नाही. जुन्या तेलाचा गाळ बसून व्हॉल्व्ह बुजतो. मग नट सुटला की आतला दांडा तोफेच्या गोळ्यासारखा खाली सुटतो. आमच्या कारखान्यात ग्लेनचा जबडा असाच गेला. बिचारा पुढे सूपवर जगला. म्हणून आधी चाकाचा दांडा वरच्या भागाला जाड साखळीने बांधायचा, आणि खाली कोणी म्हणजे कोणीही थांबायचं नाही.

आतल्या रबरी कड्या फुगून आवळल्या असणार. कोणीतरी गाडीच्या ब्रेकचं तेल ओतलं असेल. कोणी, ते मी विचारत नाही. नव्या कड्या पार्सलने पाठवतोय.

ताई, त्यांनी ऐकलं नाही तर नट खोलायचे पाने लपव.

तुझ्या लोभातला,
आर्विद

एल्म फोर्क
१५ एप्रिल १९८४

चि. आर्विद यास अ. आ.

सगळे सुखरूप आहेत, हे आधी सांगते. जेव आता.

तुझं पत्र शुक्रवारी हातात पडलं. लोवेलने वाचलं आणि हसला. काल त्याने जॅकवर विमान उचललं, व्हॉल्व्ह दाबला. फुस्सदेखील झालं नाही. म्हणे, बघ, रिकामं आहे, तुझा भाऊ उगाच घाबरवतो. मग मी त्याला जरा समजावलं आणि त्याने साखळी बांधली.

नट सैल झाला मात्र, असा आवाज झाला की छपरावरची कबुतरं उडाली. साखळी ताणली गेली, पण तुटली नाही. तेलाचा फवारा लोवेलच्या चष्म्यापासून बुटांपर्यंत. तो जमिनीवरच बसला. घाबरले मीही होते, पण ते त्याला दिसू दिलं नाही. मग त्याचा चष्मा पुसता पुसता मला हसू आलं, आणि दोघं वेड्यासारखे हसलो.

कड्या तू म्हणालास तशाच फुगल्या होत्या. तुझ्या पार्सलची वाट बघतोय.

तुझ्यावर जीव आहे, आज जरा जास्तच.
ताई

एल्म फोर्क
२९ मे १९८४

आर्विद, स. न. वि. वि.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. पण एक गोष्ट तुझ्या बहिणीने तुला कळवलेली नसणार.

मला जरा समजावलं, असं तिने लिहिलं ना? समजावलं कसलं! गाईची धार काढायचं स्टूल आणलं, त्या पायाच्या बरोबर खाली ठेवलं आणि वर बसली. मी म्हटलं, ऊठ, वेडी झालीस का? तर म्हणते, आत हवा नाही ना? मग खोल की. हातातला पाना मला उचलवेना. मुकाट्याने साखळी आणली. साखळी बांधून होईपर्यंत बाई स्टुलावरून हलली नाही. नंतर दांडा सुटला तो त्या स्टुलाच्या वर टीचभर येऊन थांबला. ते रिकामं स्टूल अजून झोपेत दिसतं मला.

तुझ्या कड्या छान बसल्या. दोन्ही पायांचे दांडे घासूनपुसून पुन्हा जोडले, विमानाचं तांबडं तेल भरलं. ब्रेकच्या तेलाचं तू विचारलं नाहीस, हे बरं केलंस. आमच्या इथल्या विमान तपासनिसानेही बघून सही दिली.

काल सिग्नेला शेजारी बसवून उडालो. नदीपर्यंत गेलो आणि वळलो. उतरताना तिने डोळे घट्ट मिटले आणि माझी बाही धरली. पाय असे अलगद दबले की चाकं कधी टेकली ते मलाही नीट कळलं नाही. शेडपाशी येऊन इंजिन बंद केलं, तरी तिचे डोळे मिटलेलेच. हळूच विचारते, लोवेल, उतरायला अजून किती वेळ आहे?

उन्हाळ्यात ये. लोभ आमच्याकडून पक्का समज.

तुझा दाजी,
लोवेल